वाळलेल्या पालापाचोळ्यासाठी पोर्तुगालचा राजा लंडनच्या कोर्टात गेला होता

१७ ऑक्टोबर १८७२. लंडनमध्ये एक आजारी ऑस्ट्रियन डॉक्टर आपलं मृत्युपत्र करत होता. वय ६६. तीन दिवसांनी तो गेला.

आता मृत्युपत्र म्हटलं की घर, जमीन, दागिने, बँकेतले पैसे असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. या गृहस्थाच्या मृत्युपत्रातली सगळ्यात मोठी बाब होती वाळलेली झाडं. कागदात दाबून सुकवलेल्या फांद्या, पानं, फुलं. हजारो. कुणाला कुठला गठ्ठा द्यायचा, कुणाकडून किती पैसे घ्यायचे, हे सगळं त्यानं लिहून ठेवलं होतं.

आणि त्या गठ्ठ्यांवरून पोर्तुगालच्या राजानं थेट लंडनच्या कोर्टात दावा ठोकला.

या माणसाचं नाव फ्रीड्रिश वेलविच. नाव ओळखीचं वाटणार नाही. पण वाळवंटातल्या एका विचित्र झाडाचे फोटो कधीतरी तुमच्या फीडमध्ये येऊन गेले असतील. वाळूत पडलेला फाटक्या पट्ट्यांचा ढीग, मधोमध लाकडाचा बसका ओंडका, आणि खाली कॅप्शन, ‘हजार वर्षं जगणारं, फक्त दोन पानांचं झाड.’ त्या झाडाचं नाव वेलविचिया. ते याच माणसावरून पडलं.

वकिली सोडून झाडांच्या मागे

वेलविचचा जन्म १८०६ चा. गाव मारिया साल, ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतातलं. घरची शेतीवाडी होती, वडील कारभार बघणारे. मुलानं व्हिएन्नाला जाऊन कायदा शिकावा, असं वडिलांनी ठरवलं होतं. पोरगं व्हिएन्नाला गेलं खरं, पण कायद्याच्या पुस्तकांपेक्षा आजूबाजूच्या रानात जास्त रमलं. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी पैसे पाठवणं बंद केलं.

मग त्यानं काय केलं? नाटकांची परीक्षणं लिहिली. त्यावर पोट भरलं आणि कायदा सोडून वैद्यकीकडे वळला. यात एक व्यावहारिक हिशोब होता. त्या काळात वनस्पतिशास्त्र हे डॉक्टरकीच्याच पोटात शिकवलं जायचं, कारण औषधं झाडांपासूनच यायची. मधल्या काळात कार्निओला प्रांतात कॉलराची साथ आली, तेव्हा सरकारनं त्याला तिकडे कामाला लावलं. १८३६ मध्ये तो डॉक्टर झाला. त्याचा प्रबंध मात्र रोगांवर नव्हता. ओल्या दगडांवर, मातीवर जे हिरवं-काळं बुळबुळीत शेवाळ साचतं, त्यातल्या नोस्टॉक गटावर होता. हे शेवाळ पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

१८३९ मध्ये त्याला एक काम मिळालं. जर्मनीतल्या एस्लिंगेन गावात ‘उनियो इटिनेरारिया’ नावाचा एक संघ होता. पद्धत सोपी होती. सभासदांनी वर्गणी भरायची, त्या पैशांतून एखाद्याला दूरदेशी पाठवायचं आणि त्यानं गोळा केलेल्या झाडांचे नमुने सभासदांना वाटायचे. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग. वेलविचनं अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांवर जाऊन झाडं आणायची होती.

वाटेत लिस्बन लागलं आणि तो तिथेच रमला. पोर्तुगीज शिकला, पोर्तुगालचे डोंगर पालथे घातले, वनस्पती-बागांची जबाबदारी सांभाळली. पाल्मेलाच्या ड्यूकच्या बागाही त्याच्याकडे आल्या. एक-दोन नाही, तब्बल चौदा वर्षं गेली. ऑस्ट्रियाला तो कायमचा परतलाच नाही.

सात वर्षं अंगोलात

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अंगोला तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं. म्हणजे कागदावर तरी. प्रत्यक्षात पोर्तुगीजांचा अंमल किनारा आणि आतली काही ठाणी इतकाच होता. तिथून शतकानुशतकं गुलामांची निर्यात झाली होती आणि आता तो व्यापार आटत चालल्यामुळे या प्रदेशात दुसरं काय पिकतं, काय विकता येईल, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी झाडांची जाण असलेला माणूस हवा होता. वेलविचची नेमणूक झाली. खर्च पोर्तुगाल सरकारचा.

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. पुढचं सगळं भांडण तिच्यावरच झालं.

१८५३ च्या ऑक्टोबरमध्ये तो लुआंडाला उतरला. पहिलं वर्ष किनाऱ्यावर काढून आतल्या गोलुंगो आल्तोच्या जंगलात शिरला. तिथे त्याची गाठ पडली डेव्हिड लिव्हिंग्स्टनशी, म्हणजे आफ्रिकेच्या शोधयात्रांसाठी पुढे जगभर गाजलेल्या त्या स्कॉटिश मिशनऱ्याशी. १८५४ साली दोघं काही काळ एकत्र राहिले. लिव्हिंग्स्टनचा डोळा नकाशावर होता. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत खंड पार करायचा होता त्याला. वेलविचची चाल उलटी. एकाच ठिकाणी दोन वर्षं मुक्काम ठोकायचा आणि तिथलं पान न् पान तपासायचं.

मग आला पुंगो आंदोंगोला. इथे सपाट माळावर प्रचंड खडक उभे आहेत. पोर्तुगीज त्यांना ‘काळे खडक’ म्हणायचे. हे खडक मुळात काळे नाहीत, त्यांचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो, हे वेलविचच्या लक्षात आलं. पावसाळ्यात खडकांवर बारीक शेवाळ पसरतं आणि अख्खा डोंगर काळा दिसायला लागतो, असं त्यानं दाखवून दिलं. शेवाळावर प्रबंध लिहिलेला माणूस तिथे पोचला होता म्हणून हे कोडं सुटलं.

हे सगळं वाचायला छान वाटतं. भोगायला नव्हतं. मलेरियाचा ताप वर्षानुवर्षं पाठ सोडत नव्हता. स्कर्व्ही झाली, म्हणजे ताजी फळं-भाजी न मिळाल्यानं हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. पायांवर जखमा चिघळल्या. तरी रोजचं काम चालू.

ते रोजचं काम नेमकं काय असतं, हे कळल्याशिवाय कोर्टातलं भांडण कळणार नाही.

झाडाचा नमुना घ्यायचा म्हणजे फुला-फळांसकट फांदी तोडायची, कागदांच्या घडीत पसरून ठेवायची आणि वर वजन ठेवून दाबायची. कागद ओलावा शोषतो, म्हणून तो सारखा बदलायचा. दमट हवेत एक दिवस आळस केला तर बुरशी लागते, नाहीतर वाळवी सगळं फस्त करते. सुकल्यावर फुलाचा रंग उडतो, वास जातो. झाड चार फुटांचं होतं की चाळीस, हेही फांदीवरून कळत नाही. म्हणून सोबत चिठ्ठी लागते. कुठे मिळालं, कधी मिळालं, रंग कोणता, जमीन कशी, स्थानिक लोक त्याला काय म्हणतात, कशासाठी वापरतात. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नुसता पाचोळा.

वेलविचचे नमुने आणि चिठ्ठ्या त्या काळात सगळ्यात काटेकोर मानल्या जायच्या. शिवाय एका झाडाच्या तो एकापेक्षा जास्त फांद्या घ्यायचा, म्हणजे नंतर संच पाडता येतील. त्यातला पहिला संच सर्वात भारी. पूर्ण नमुने, पूर्ण नोंदी. अभ्यासकानं स्वतः हाताळलेला. दुसरा त्याहून थोडा उणा, तिसरा आणखी उणा.

३ सप्टेंबर १८५९

अंगोलाच्या दक्षिण टोकाला हिरवाई संपते आणि नामिब वाळवंट सुरू होतं. तिथल्या काबो नेग्रो या भूशिराजवळच्या पठारावर वेलविच फिरत होता. खडी मिसळलेली कडक जमीन, सावलीचं नाव नाही. आणि समोर ते झाड.

त्यानं नंतर जे सांगितलं, त्याचा मतलब असा की त्या तापलेल्या जमिनीवर गुडघे टेकून तो नुसता बघत राहिला. हात लावला तर हे नाहीसं होईल, आपल्याला भास होतोय, अशी त्याला भीती वाटत होती. वीस-पंचवीस वर्षं झाडं बघत आलेल्या माणसाची ही अवस्था.

एवढं काय होतं त्यात?

वेलविचियाला जन्मभर दोनच पानं असतात. बी रुजल्यावर आधी बीजपत्रं येतात, ती गळतात. मग खऱ्या पानांची एक जोडी येते आणि पुढे झाडाला नवीन पान फुटत नाही. तीच दोन पानं बुडातून वाढत राहतात, नखं वाढतात तशी. टोकाकडून ती वाळतात, वाऱ्यानं फाटतात, त्यांच्या चिंध्या होतात. म्हणून लांबून बघणाऱ्याला पन्नास पानांचा ढीग वाटतो. नीट मोजली तर दोन. काही झाडांचं वय हजार वर्षांच्या पुढे असावं असा अंदाज आहे. म्हणजे आपल्याकडे यादवांचं राज्य होतं तेव्हा फुटलेलं पान अजून वाढतंय, असा प्रकार.

आणखी एक गंमत म्हणजे याला फुलं येत नाहीत, शंकू येतात, पाइनसारखे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. म्हणजे हे सपुष्प वनस्पतींत बसत नाही, पण पाइनसारखंही दिसत नाही. मग हे कोणाचं कोण? याचे जिवंत नातेवाईक दोनच. एक एफेड्रा, जो आपल्याकडे हिमालयात सापडतो. दुसरा नीटम. त्यातला नीटम उला हा दणकट वेल सह्याद्रीच्या दाट जंगलात मोठमोठ्या झाडांवर चढलेला असतो. नामिबच्या वाळवंटातलं ते फाटकं झाड आणि पश्चिम घाटातला हा वेल चुलतभाऊ आहेत, हे दोघांना शेजारी ठेवलं तरी कुणाला पटणार नाही.

ऑगस्ट १८६० मध्ये वेलविचनं लुआंडाहून लंडनच्या क्यू गार्डन्सचे प्रमुख विल्यम हूकर यांना पत्र लिहून या झाडाचं वर्णन कळवलं. स्थानिक लोक त्याला ‘न्तुंबो’ म्हणत, म्हणून शास्त्रीय नाव ‘तुंबोआ’ ठेवावं असं त्यानं सुचवलं होतं. स्वतःचं नाव त्यानं सुचवलं नव्हतं, हे सांगायला हवं. पुढे थॉमस बेन्स या चित्रकारालाही १८६१ मध्ये आजच्या नामिबियात हेच झाड दिसलं आणि त्यानं त्याची चित्रं क्यूला धाडली. विल्यम हूकर यांचा मुलगा जोसेफ, म्हणजे डार्विनचा जिवलग मित्र, त्यानं सगळे नमुने तपासून १८६३ मध्ये सविस्तर लेख छापला. इंग्लंडात आजवर आलेल्या झाडांत हे सर्वात अद्भुत आणि सर्वात कुरूप झाडांपैकी एक आहे, असं त्याचं मत होतं. त्यानं वेलविचच्या संमतीनं नाव बदललं आणि ठेवलं ‘वेलविचिया मिराबिलिस’. मिराबिलिस म्हणजे अद्भुत.

अशा रीतीनं ज्यांना ते झाड पिढ्यान्पिढ्या माहीत होतं त्यांचं नाव मागे पडलं. एकोणिसाव्या शतकात हे असंच चालायचं. वाट दाखवणारे, ओझी वाहणारे स्थानिक लोक नोंदींमध्ये सहसा सापडतच नाहीत.

पगार बंद

वेलविचिया सापडल्यावर तो हुईला पठारावर गेला. तिथे स्थानिक लोक आणि पोर्तुगीज वसाहत यांच्यात लढाई पेटली आणि वेलविच दोन महिने वेढ्यात अडकला. तिथून निघाला तेव्हा तब्येत पार ढासळलेली होती. जानेवारी १८६१ मध्ये तो लिस्बनला परतला. सोबत सुमारे ५ हजार जातींच्या वनस्पती आणि त्याशिवाय हजारो कीटक. आफ्रिकेच्या त्या भागातून एका माणसानं इतकं कधी आणलं नव्हतं.

पण नवीन जात सापडली असं नुसतं म्हणून चालत नाही. जगात आधी सापडलेल्या सारख्या दिसणाऱ्या सगळ्या झाडांशी ताडून बघावं लागतं. त्यासाठी मोठे संग्रह लागतात, ग्रंथालय लागतं. लिस्बनमध्ये हे नव्हतं, लंडनमध्ये होतं. म्हणून १८६३ मध्ये पोर्तुगाल सरकारच्या परवानगीनं आणि पैशानं वेलविच सगळा संग्रह घेऊन लंडनला गेला.

इथून गाडी अडखळली. वेलविच अतिशय चोख काम करायचा, म्हणजेच अतिशय सावकाश करायचा. लिस्बनला वाटत होतं की आता वर्ष-दोन वर्षांत अंगोलाच्या वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ येईल. तो येईना. १८६६ मध्ये सरकारनं पैसे देणं थांबवलं.

वेलविच परतला नाही. साठलेल्या पैशांवर काटकसर करत तो लंडनमध्येच राहिला आणि काम करत राहिला. १८६९ मध्ये ‘सेर्तुम आंगोलेन्से’ हा त्याचा महत्त्वाचा लेख आला, पण गोळा केलेल्या संग्रहाच्या मानानं तो एक तुकडाच होता. तोवर शरीर थकलं होतं. अंगोलातल्या तापानं जे पोखरलं ते भरून आलं नाही.

सरकारची चूक होती की त्याची? पैसे देणाऱ्याला निकाल हवा असतो, यात गैर काही नाही. पण ५ हजार जाती तीन वर्षांत उरकायच्या, ही अपेक्षा झाडांचं काम कधी न केलेल्या माणसाचीच असू शकते.

राजा विरुद्ध दोन लंडनकर

आता मृत्युपत्राकडे येऊ. वेलविचनं लिहिलं होतं की अभ्यासाचा पहिला संच ब्रिटिश म्युझियमला ठरवून दिलेल्या भावानं विकत घेऊ द्यावा. पोर्तुगालला दोन संच द्यावेत. उरलेले युरोपातल्या वेगवेगळ्या संस्थांना. त्याच्या जन्मभूमीची, कॅरिंथियाची आठवणही त्यात होती.

मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी दोघांवर होती. एक फ्रेडरिक जस्टन, पुस्तकविक्रेता. दुसरा विल्यम कॅरुथर्स, जो ब्रिटिश म्युझियमच्या वनस्पती विभागाचा प्रमुख होता. म्हणजे संच विकणारा आणि घेणारा जवळजवळ एकच माणूस! पोर्तुगालला संशय यायला एवढं पुरेसं होतं.

राजा लुईशच्या नावानं दावा दाखल झाला. पोर्तुगालचं म्हणणं सरळ होतं. माणूस आमच्या पगारावर गेला, आमच्या वसाहतीत फिरला, मग माल आमचा. तो मृत्युपत्रात वाटायचा त्याला अधिकारच काय? दुसऱ्या बाजूनं बघितलं तर शेवटची सहा वर्षं सरकारनं पैसे दिले नव्हते आणि त्याच काळात वेलविचनं स्वतःच्या खर्चानं हा संग्रह लावला, तपासला, नोंदी वाढवल्या. गोळा करताना तो सरकारचा नोकर होता. त्या पाचोळ्याचं ज्ञान करताना मात्र नव्हता.

एवढं भांडायचं कारण काय, तर नवीन जातीचं नाव हवेत ठेवलं जात नाही, एका ठरावीक नमुन्याला चिकटवलं जातं. उद्या कुणी म्हणालं की हे झाड ते नाहीच, तर त्या मूळ नमुन्याशी ताडून बघायचं. वेलविचच्या गठ्ठ्यांत असे शेकडो मूळ नमुने होते. पहिला संच ज्याच्याकडे, त्याच्या दारात पुढची शंभर-दोनशे वर्षं अंगोलाच्या वनस्पतींवर काम करणाऱ्या प्रत्येकाला यावं लागणार.

खटला तीन वर्षं रेंगाळला आणि नोव्हेंबर १८७५ मध्ये तडजोड झाली. पहिला संच लिस्बनला. त्याखालोखालचा संच ब्रिटिश म्युझियमला आणि सोबत वेलविचच्या सगळ्या नोंदींची नक्कल. राजा जिंकला म्हणायचं, पण लंडननंही रिकाम्या हातानं सोडलं नाही.

आणि गंमत बघा. अंगोलाच्या वनस्पतींचा तो बहुप्रतीक्षित ग्रंथ शेवटी आला तो लंडनहून. विल्यम हिअर्न या अभ्यासकानं दुसऱ्या संचावर आणि त्या नकलांवर काम करून वेलविचच्या आफ्रिकी वनस्पतींची सूची तयार केली. ब्रिटिश म्युझियमनं ती १८९६ ते १९०१ या काळात छापली. वेलविच जाऊन तोपर्यंत पाव शतक झालं होतं. म्युझियमचा तो संच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, पहिला लिस्बनमध्ये, आणि अंगोलाच्या झाडांवर काम करणाऱ्याला अजूनही दोन्हीकडे डोकवावं लागतं.

झाडाचं पुढे बरं चाललंय. नामिबियाच्या राजमुद्रेवर ते आहे, तिथल्या राष्ट्रीय रग्बी संघाला लोक ‘वेलविचियाज’ म्हणतात. २०२१ मध्ये त्याचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे ८ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या वनस्पतीचा सगळा जनुकसंच एकदम दुप्पट झाला होता, असं त्यातून दिसलं. आफ्रिकान्स भाषेत तर त्याचं नावच आहे ‘दोन पानांचं, मरता न येणारं’.

वेलविचला लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत पुरलं. त्याच्या थडग्याच्या दगडावर ते झाड कोरलेलं आहे.